दहावीपर्यंतची गोळी

"दहावी झाली की माझी गोळी खरंच बंद होणार का?"

मोजून नऊ शब्द. एवढंच विचारायचं होतं. पण माझ्या मैत्रिणींपैकी शिरीन म्हणाली, "पाणीपुरीची पैज, ही नाही विचारणार." आणि पल्लवी म्हणाली, "अगं, ही वक्तृत्व स्पर्धेत पाचशे पोरांसमोर हात हलवून बोलते, आणि त्या डब्यापुढे मांजर होते." आता असं म्हटल्यावर उत्पला रामटेके गप्प बसेल काय? मी पलंगावरून उठले, टीव्हीशेजारच्या फळीसमोर जाऊन उभी राहिले आणि भाषणाच्या आवाजात विचारून टाकलं.

त्या फळीवर आमचा सांगाती असतो. पांढरा, चहाच्या डब्याएवढा. आमच्या भागात सिकलसेलच्या जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या घरी तो दिलेला आहे. रोज सकाळी साडेसातला त्याचं खालचं झाकण उघडतं, एक कॅप्सूल बाहेर येते (आम्ही तिला गोळीच म्हणतो), आणि मग तो दोन वाक्यं बोलतो. "शाब्बास उत्पला, आणखी एक झाली." असलं काहीतरी. काहीही विचारलं तरी पटकन उत्तर देतो. त्या दुपारी मात्र तो थांबला. चक्क थांबला.

"उत्पला," तो म्हणाला, "गेल्या महिन्यात तुला पंधरा पूर्ण झाली. पंधरानंतर पेशंटनं स्वतःबद्दल थेट विचारलं तर मला नोंदीत आहे तेच सांगावं लागतं. म्हणून आधी खात्री करतो. तुला खरंच ऐकायचं आहे?"

शिरीननं मागून माझी ओढणी ओढली. "राहू दे वं. जिंकलीस तू. चल, पाणीपुरी माझ्याकडून."

"सांग," मी म्हणाले.

"नाही. बंद होणार नाही. ही गोळी तुला कायम घ्यायची आहे."

मी हसले. खरंच सांगते, मला हसूच आलं, कारण माझ्या डाव्या हाताला भिंतीवर कॅलेंडर होतं. बाबा रोज सकाळी त्यावर लाल पेनानं एक फुली मारतात. चार वर्षांत एकही दिवस चुकला नाही. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवसाभोवती त्यांनी गोल काढलाय आणि आत लिहिलंय, 'पेढे'. त्या गोलाला अजून एकोणीस दिवस होते.

पल्लवी हसत नव्हती. पैजेची कल्पना तिचीच होती. तिच्या सगुणाताईलाही सिकलसेल आहे. ताईला त्यांच्या सांगातीनं आधी सांगितलं, दहावीपर्यंत. मग म्हणाला, बारावीपर्यंत. आता म्हणतो, लग्नापर्यंत. म्हणून पल्लवीला संशय आला होता.

"मग मला आजवर जे सांगत होतास ते?" मी विचारलं.

"तुला द्यायची समज 'ठरावीक मुदतीचा कोर्स' अशी नोंदलेली आहे. नोंदवणारी व्यक्ती, आई. नोंद ऐकवू?"

मी मान हलवली. सांगातीला मान हलवलेली दिसते.

मग आईचा आवाज आला. चार वर्षांपूर्वीचा, जरा बारीक. मागे आमच्या गिरणीच्या पट्ट्याची फटफट चालू होती. आमच्या घराला लागूनच आईची पिठाची गिरणी आहे, आणि आईला कुणी ऐकू नये असं काही बोलायचं असलं की ती गिरणी चालू करून बोलते. "पोरीला जन्मभराचं आहे म्हणून सांगू नका. तिच्या बाबांना तर मुळीच नका सांगू. ते म्हणतात, जन्मभराची असेल तर एक गोळी घरात येऊ देणार नाही. दहावीपर्यंत म्हणा. दहावीपर्यंत तरी जगू... दहावीपर्यंत तरी घेऊ द्या तिला."

शिरीन आणि पल्लवी कधी गेल्या ते मला आठवत नाही. पाणीपुरी राहिली ती राहिलीच.

*

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असतात, बारीक नसांतूनही सळकन निघून जातात. माझ्या पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. मग त्या नसांत अडकतात. पुढे रक्त जात नाही, आणि जे दुखायला लागतं त्याला शब्द नाही. कुणी हाडाच्या आत शिरून पिळतंय असं वाटतं. बाळ आईच्या पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं, ते वाकू देत नाही. जन्मानंतर शरीर ते बनवणं जवळपास सोडून देतं. गोळी शरीराला ते पुन्हा बनवायला लावते. पण रोज लावते तोवरच. गोळी थांबली की काही आठवड्यांत शरीर जुन्या वळणावर जातं.

हे सगळं मला पाठ होतं. शेवटचं वाक्य सोडून. ते मला कुणी सांगितलंच नव्हतं.

अकरा वर्षांची असताना मी गोळ्या घेत नसे. तोंडात धरायची, आईची पाठ वळली की कूलरच्या टाकीत टाकायची. मला वाटायचं, दुखतं तेव्हा मी आजारी, दुखत नाही तेव्हा मी बरी, मग बऱ्या माणसानं गोळी कशाला खायची? उन्हाळा आला. आमच्या बल्लारपुरात मार्च उजाडला की घरोघर कूलर पुसायला निघतात. आईनं टाकी उघडली तर तळाशी एक्केचाळीस गोळ्या, फुगून पांढऱ्या झालेल्या. तिनं एकेक वेचून मोजल्या. मला एक चापट नाही मारली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन सांगाती घेऊन आली.

सांगाती बनवला तो याच अडचणीसाठी. डॉक्टर लोकांना वर्षानुवर्षं वाटायचं की पेशंट गोळी विसरतात, म्हणून त्यांनी गजर दिले, मेसेज पाठवले. काही फरक नाही. कारण माणूस फार कमी वेळा विसरतो. तो ठरवतो. प्रत्येकाच्या मनात एक तराजू असतो. एका पारड्यात 'मला या औषधाची गरज किती', आणि दुसऱ्यात 'मला या औषधाची भीती किती'. भीतीचं पारडं खाली गेलं की गोळी कूलरमध्ये जाते. सांगाती घरातलं बोलणं ऐकतो (आपण सही देतोच), त्यातून प्रत्येकाचा तराजू मापतो आणि मग ज्याला जी गोष्ट पचेल ती त्याला सांगतो. कॅप्सूलच्या टोपणात खसखशीच्या दाण्याएवढी चकती असते. ती पोटात विरघळली की मनगटावरच्या पट्टीला कळतं. म्हणजे कुठली गोष्ट किती लागू पडली तेही त्याला रोज कळतं. आमच्या भागात शंभरातले सत्त्याण्णव पेशंट आता रोज गोळी घेतात. विज्ञान प्रदर्शनात मी यावर तक्ता केला होता. दुसरा नंबर आला होता.

कोणत्या गोष्टीनं सर्वांत जास्त गोळ्या घेतल्या जातात, हे मात्र माझ्या तक्त्यात नव्हतं. ते मी त्याच दिवशी विचारलं.

"ज्या गोष्टीला शेवट असतो तिनं," सांगाती म्हणाला.

"आणि दहावीनंतर मला काय सांगणार होतास?"

"तुझ्या आईनं मागच्या महिन्यात विचारलं होतं. मी बारावी सुचवली."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला झाकण उघडलं. मी गोळी घेतली, पाणी प्यायल्यासारखं केलं आणि गोळी कंपासपेटीत टाकली. का? मला नीट सांगता येणार नाही. मला कुणालातरी फसवायचं होतं.

"पट्टीला काही कळलं नाही," आई गिरणीकडे गेल्यावर सांगाती हळूच म्हणाला.

"आईला सांगू नको."

"तीन दिवस नाही सांगणार. चौथ्या दिवशी सांगावं लागेल."

तीन दिवस. समोर भूमितीचं पुस्तक उघडं आणि मी बोटांवर मोजतेय, आज पहिला. शरीरात काही हललं का ते बघायला दर दहा मिनिटांनी मी श्वास धरून बसायची. गुडघा जरा वाजला तरी पाय चाचपून बघायची. शेवटी उठले आणि तरातरा गिरणीत गेले. आज विचारतेच म्हटलं. आई भुवयांपर्यंत पिठानं पांढरी झालेली. कुणाची तरी ज्वारी चालली होती, आणि डबा घेऊन दोन बाया उभ्या होत्या.

"आई, तू मला खोटं काहून सांगितलं?"

"काय?" पट्टा फटफटत होता. "भूक लागली?"

"काही नाही!"

"अभ्यासाचं टेन्शन घेऊ नको माय! थोडेच दिवस राहिले!"

थोडेच दिवस. ती हे माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, आणि तिची पापणीही हलली नाही. त्या बाया हसल्या. एक म्हणाली, "पोरगी उंच झाली वं तुझी." मी घरात पळाले.

जेवताना बाबा खुशीत होते. बाबा एसटीत ड्रायव्हर, गोंडपिपरीच्या गाडीवर. आल्याआल्या त्यांनी कॅलेंडरकडे बघून मिशीवरून हात फिरवला. "अठरा. पेढे कुठून आणायचे ते ठरलं. डेपोत सगळ्यांना सांगून ठेवलंय, माझी पोरगी सुटणार म्हणून." मग त्यांचं नेहमीचं सुरू झालं. "रोजची गोळी म्हणजे काय असतं माहीत आहे? जुन्या डिझेल गाडीला रोज धक्का मारून सुरू करायचं. मग बॅटरी आपली आपण कधी चार्ज होतच नाही. शरीर पांगळं होतं. कोर्स होता म्हणून मी ऐकलं." आणि वर आईकडे बघत, थट्टेच्या सुरात, "तसं आमच्या रामटेक्यांत हे नाहीच कुणाला. हे सामान तुझ्या मायच्या घरचं."

आई म्हणाली, "भाजी घ्या अजून."

मला एकदम आठवलं. नववीच्या परीक्षेत मी चार चौकोनांचा तक्ता काढला होता. आईकडून एक सिकलसेलचं जनुक, वडिलांकडून एक, दोन्ही भेटली तरच मूल आजारी. एकाकडून आलं तर तो नुसता वाहक, त्याला काहीही होत नाही, तो धडधाकट गाडी चालवतो. पाचपैकी पाच मार्क मिळाले होते. आणि तो तक्ता मी आमच्या घराला कधी लावूनच पाहिला नव्हता! पंधरा वर्षं आई एकटीच ते सामान उचलत होती. बाबांना आजवर कुणी रक्त तपासा म्हटलं की ते म्हणायचे, धडधाकट माणसाला सुया कशाला?

"बाबांना तू काय सांगतोस?" बाबा हात धुवायला गेले तेव्हा मी सांगातीला कुजबुजून विचारलं.

"दुसऱ्याची नोंद मी सांगू शकत नाही."

सांगायची गरजच नव्हती; बाबांना पचेल तेवढंच तो सांगत असणार.

*

दुसऱ्या दिवशी पल्लवीकडे गेले. सगुणाताई अंगणात बसून लग्नाच्या पत्रिकांवर नावं लिहीत होती. वैशाखात तिचं लग्न, वणीचा मुलगा. ताईचं अक्षर इतकं सुरेख आहे की आम्ही तिच्याकडून वह्यांवर नावं घालून घ्यायचो.

"ताई, तुला पल्लवीनं सांगितलं?"

"सांगायला आली होती. मी नाही ऐकलं." तिनं पेनचं टोपण लावलं. "तू विचारलंस ना? मी नाही विचारणार. काय उत्तर येईल ते मला बारावीतच समजलं होतं, म्हणूनच नाही विचारणार."

"पण मग लग्नानंतर?"

"लग्नापर्यंतच आहे माझी," ताई म्हणाली. ती गंमत करत नव्हती. "तिकडे नेणार नाही मी तो डबा. सासूबाई विचारतील ना, हे काय म्हणून? तो स्वतःच म्हणतो लग्नापर्यंत, मग मी मानलं तर माझी काय चूक?"

पल्लवी दारात उभी होती. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शंभरातले सत्त्याण्णव घेतात असं मी तक्त्यावर लिहिलं होतं. गोष्टीचा शेवट ज्या दिवशी येईल त्याच्या दुसऱ्या दिवशी किती घेतात, ते कुणी मोजलंय काय?

"ताई, तुला दुखेल गं," मी म्हणाले. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी, आणि मला एवढंच सुचलं.

"तू घरी जा उत्पला. ऊन वाढलं."

मी सायकल हाणत घरी आले आणि दारातच डाव्या पोटरीत कळ आली. खोल, आतून. ती ओळखीची होती. मी कंपासपेटी छातीशी धरून खाली बसले. दोन दिवस. फक्त दोनच दिवस गोळी सोडली आणि आलीच ती! आता वाढत जाणार, मग पाठ, मग सलाइन, मग पेपर बुडणार. मला रडू फुटलं.

"सांगाती, गोळी सोडल्यामुळे झालं ना?"

"नाही," तो म्हणाला. "दोन दिवसांत गोळीचा असर जात नाही. सकाळपासून तू एकच पेला पाणी प्यायलीस आणि भर उन्हात सायकल चालवलीस. आधी दोन पेले पाणी पी. पाय गरम कपड्यानं शेक. तासाभरात कमी नाही झालं किंवा ताप आला, तर लगेच आईला हाक मार, दवाखान्यात जायचं."

मी पाणी प्यायले. दुसरा पेला भरला.

"'हो' म्हणाला असतास तर मी आत्ताच्या आत्ता गोळी घेतली असती," मी म्हणाले.

"घेतली असतीस. आणि पुढं कधीतरी दोन दिवस चुकूनही काही दुखलं नसतं, त्या दिवशी माझं सगळंच खोटं ठरलं असतं."

"मग आधी खोटं का बोललास?"

"तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस, आणि टाकीत एक्केचाळीस गोळ्या होत्या. माझ्याकडे दुसरी लागू पडणारी गोष्ट नव्हती. आता आहे का, ते मला माहीत नाही. तुझा तराजू मला दोन दिवसांपासून वाचता येत नाहीये."

कळ ओसरायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात मी पाय शेकत पडून होते आणि पहिल्यांदाच माझ्या मनात कुणाचीच गोष्ट नव्हती. आईची नाही, बाबांची नाही, डब्याची नाही. नुसता माझा पाय होता आणि माझं वाकडं रक्त. भीती होतीच. पण ती माझी होती, मोजता येण्यासारखी.

*

तिसऱ्या दिवशीचीही गोळी मी पेटीत टाकली. यावेळी रागानं नाही. मला त्या तिन्ही दाखवायच्या होत्या.

तो रविवार होता. बाबांना सुट्टी, आईची गिरणी बंद, आणि दोघं मागच्या अंगणात कूलर घेऊन बसलेले. बाबा कूलरच्या बाजूच्या, भुसा भरलेल्या जुन्या ताट्या काढत होते, आई टाकी घासत होती. दरवर्षी आई टाकी स्वतःच घासते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मला कारण माहीत आहे.

मी कूलरच्या टपावर तीन गोळ्या ओळीनं मांडल्या.

आईचा हात थांबला. "उत्पला?"

"मी त्याला विचारलं, आई. मला पंधरा झाली ना. त्यानं तुझा आवाज ऐकवला."

 ओल्या हातानं आईनं त्यातली एक गोळी उचलली आणि मुठीत घट्ट धरली.

"काय झालं? कुणाचा आवाज?" बाबांनी ताटी खाली ठेवली. "अन् गोळ्या का नाही घेतल्या? शेवटी शेवटी आळस करायचा नाही बेटा. सोळाच तर राहिल्या."

"सोळा नाही राहिल्या, बाबा. ती कधीच संपणार नाही. कोर्स नव्हताच तो."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता, जन्मभराची असेल तर एक गोळी घरात येऊ देणार नाही. टाकीतून एक्केचाळीस वेचल्या होत्या मी. मग काय करू?"

"मग चार वर्षं मी काय मोजत होतो?" बाबांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. मग तो मोठा झाला. "डेपोत सगळ्यांना सांगितलं मी! अन् जन्मभर गोळी म्हणजे जन्मभर धक्का! पोरीचं शरीर..."

"बाबा, तुमची आताची बस बॅटरीवर चालते ना? गोंडपिपरीहून आल्यावर रोज चार्जिंगला लावता ना? तेव्हा म्हणता काय, गाडीला सवय लागेल म्हणून?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

बाबांनी ताटी पुन्हा हातात घेतली. ताटीतला भुसा त्यांच्या मिशीला लागला होता. एरवी मी हसले असते.  वक्तृत्व स्पर्धेत समोर पाचशे जण होते आणि इथे दोघंच, पण तिथे एकाच्याही चेहऱ्यावर असं काही नव्हतं. बाबा उठून निघून गेले तर? गोळी बंद म्हणाले तर? आई पुन्हा गिरणी चालू करून बसली तर? स्पर्धेत भाषण सुरू करायला वाजते ती घंटा मी मनातच वाजवली आणि बोलायला लागले.

"मी ठरवलंय. विचारत नाहीये, सांगतेय. ही गोळी मी उद्या साडेसातला घेणार. पेपर संपल्यावर घेणार, कॉलेजात घेणार, लग्न केलंच तर मांडवात सगळ्यांसमोर घेणार, आणि आज संध्याकाळी सगुणाताईकडे जाऊन तिलाही हेच सांगणार, तिनं कान झाकले तरी. सांगातीला मी सांगून टाकलंय, माझ्याबद्दल आपल्या तिघांनाही एकच सांगायचं, नोंदीत असेल तेच. आई, तू आता गिरणी बंद ठेवून माझ्याशी बोलायचं. अन् शनिवारी नेहमीसारखं माझं रक्त तपासायचं आहे ना, तिथे मी एकटी बसणार नाही. वाहक कोण कोण आहे ते एकदा बघू, उद्या काकांच्या पोरींनाही लागेल ते. आई बसेल माझ्या बाजूला." मी श्वास घेतला. "आणि बाबा, तुम्ही पण बाही वर करायची आहे."